कोकणात अबलक घोडा घेताय? आधी पांढऱ्या कातडीकडे बघा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. अलिबागजवळच्या एका किनाऱ्यावर गर्दी ओसरलेली, आणि एक घोडेवाला मला सांगत होता, "घेऊन जा शेट. पावसात चार महिने खायला घालायचं म्हणजे जीव जातो, म्हणून देतोय. नायतर असा रंग परत मिळायचा नाय." रंग खरंच डोळ्यात भरणारा होता. तांबूस अंगावर पांढरे मोठे चट्टे, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, कपाळावर चांद, आणि खोगिराच्या जागी तळहाताएवढा एक वेगळाच पांढरा ठिपका. "हा देवानं दिलेला," असं म्हणून त्याने त्या ठिपक्याचे वेगळे पैसे लावले.

जुलै येईपर्यंत चारही पांढऱ्या पायांना खपल्या धरून कातडी फाटली. पुण्याहून आलेल्या पशुवैद्यांनी पाठीवरचा ठिपका बोटाने चाचपला आणि विचारलं, "ही खोगिराची जखम किती जुनी आहे?" देवाचा काही संबंध नव्हता. खोगीर लागून पाठ सोलवटते, खालच्या रंगपेशी मरतात, आणि नंतर त्या जागी पांढरे केस येतात. मी जुन्या जखमेसाठी जादा पैसे मोजले होते.

त्यानंतर माझ्या वाडीत आणखी दोन घोडे आले आणि मित्रांसाठी पाच-सहा बघून झाले. हा लेख त्या अनुभवातून, ज्यांना रायगड ते सिंधुदुर्ग या पट्ट्यात स्थानिक माणसाकडून ठिपक्यांचा किंवा चट्ट्यांचा घोडा घ्यायचा आहे त्यांच्यासाठी. अबलक घोड्याचा भाव पांढऱ्या रंगामुळे वाढतो, आणि कोकणातली हवा नेमकी त्याच पांढऱ्या रंगावर तुटून पडते. बाकीचं सगळं याच्याच आसपास आहे.

१. नेमकं काय विकलं जातंय ते समजून घ्या

आपल्याकडे दोन रंगांच्या घोड्याला अबलक म्हणतात. काळा-पांढरा असेल तर मुश्की अबलक, तांबूस-काळसर अंगाचा असेल तर कुमैत अबलक. चारही पाय आणि तोंडावर पांढरं असेल तर पंचकल्याणी, पण पंचकल्याणी म्हणजे अबलक नव्हे. हल्ली मोबाइलवरच्या चित्रफिती बघून विक्रेते सरसकट "पेंट हॉर्स" म्हणू लागले आहेत. पेंट ही अमेरिकेतली एक जात आहे. तिची संस्था १९६२ साली सुरू झाली आणि नोंदणीसाठी आईबापही नोंदलेले लागतात. नुसते चट्टे असून भागत नाही. किनाऱ्यावर जो दिसतो तो बहुतेक वेळा मारवाडी, काठियावाडी किंवा त्यांचा देशी घोड्याशी झालेला संकर असतो. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट आपल्या उन्हाला तो सरस. फक्त "अमेरिकन" या शब्दाचे पैसे कागद दाखवल्याशिवाय देऊ नका.

मारवाडी आणि काठियावाडीचे कान आत वळलेले असतात, टोकं एकमेकांना टेकतात. दख्खनचं भीमथडी हे चिवट, बुटकं घोडं, त्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. डोंगरात चढ-उतार करायचे असतील तर मी डोळे झाकून भीमथडीकडे वळेन. पण त्यात ठळक अबलक शोधून सापडणं कठीण.

चट्टे आणि ठिपके यांतला फरकही लक्षात ठेवा. मोठे चट्टे पाठीवरून आडवे जातात, पाय पांढरे, डोकं गडद, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना. बिबट्यासारखे सुटे ठिपके असतील, नाकाची कातडी चित्रविचित्र असेल, खुरांवर उभ्या रेघा असतील, तर तो वेगळा जनुकीय प्रकार. अमेरिकेतल्या अपालूसा जातीत तो दिसतो. या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या घोड्याला जन्मतःच अंधारात दिसत नाही. असा घोडा कुणी दाखवलाच तर तिन्हीसांजेला त्याला अनोळखी जागेतून, दोन-चार अडथळ्यांमधून नेऊन बघा. दिवसा तो अगदी शहाण्यासारखा चालतो.

आणखी एक फसगत. सब्जा घोडा शिंगरू असताना गडद असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. अबलक शिंगरात हा सब्जेपणा असेल तर सहा-सात वर्षांत चट्टे विरून जातात आणि तुमच्याकडे साधा पांढरा घोडा उरतो. डोळ्यांभोवती आणि तोंडावर गडद केसांत पांढरे केस मिसळायला लागले आहेत का, ते बघा. आईबापांपैकी एक पांढरा होता का, हेही विचारा.

२. कुणाकडून आणि कधी

कोकणात घोड्यांचा स्वतःचा मोठा बाजार नाही. घोडे वरून येतात. मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाची, सोलापूरकडे अकलूजचा बाजार. तिथून घेतलेले घोडे घाट उतरून अलिबाग, काशीद, मुरूड, दापोली, गणपतीपुळ्याच्या वाळूत फेऱ्या मारायला लागतात. माथेरानच्या डोंगरावरही मोठा ताफा आहे. तिथे मोटारींना बंदी असल्यामुळे घोडा आजही रोजच्या वाहतुकीचं साधन आहे.

ही काही नवी गोष्ट नाही. चौल आणि दाभोळ या बंदरांत मध्ययुगात अरबी घोडे उतरत. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. तो विकून नफा कमवायचा असा त्याचा बेत. जुन्नरच्या अधिकाऱ्याने घोडा काढून घेतला, तो मोठ्या मुश्किलीने परत मिळाला, आणि अखेर बिदरला विकावा लागला. तोवर त्याला पोसण्यातच बरेच पैसे गेले होते. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. घोडा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने तिथे एकदा जाऊन यावं असं मी अर्ध्या गमतीने सांगतो.

आता वेळ. मे अखेरीस भाव पडतो, कारण विक्रेत्याला पावसाळ्याचा खर्च टाळायचा असतो. पण तो खर्च आणि ती जोखीम तुम्ही विकत घेता. डिसेंबर-जानेवारीत यात्रेवरून नुकता आलेला घोडा चकचकीत दिसतो. तो खानदेशातल्या किंवा राजस्थानातल्या कोरड्या हवेतला असतो, दमट हवेत त्याचं काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं. माझं मत स्पष्ट आहे: सप्टेंबर अखेर ते दिवाळी या काळात घ्या, आणि किनाऱ्यावर किमान एक पूर्ण पावसाळा काढलेलाच घ्या. भाव थोडा जास्त पडेल. पण पायांवर, खुरांवर आणि कातडीवर पावसाने काय लिहून ठेवलंय ते त्या वेळी ताजं वाचता येतं.

३. पहिली भेट: न सांगता, सकाळी

विक्रेत्याला "अकराला येतो" म्हणा आणि आठला पोचा. यात अप्रामाणिक काही नाही. घोडा आधीच दमवून शांत केलेला नसावा, वेदनाशामक टोचलेलं नसावं, एवढंच आपल्याला हवं असतं. खालचा ओठ लोंबतोय, डोळे अर्धे मिटलेत, घोड्याचं लिंग बाहेर लोंबकळतंय आणि बोलावलं तरी कान हलत नाहीत, अशी लक्षणं एकत्र दिसली तर गुंगीच्या औषधाचा संशय घ्या. "लय गरीब आहे हो" असं म्हणत विक्रेता त्यालाच गुण म्हणून खपवतो.

जागेवर बांधलेला असताना दहा मिनिटं नुसतं बघा. चारही पायांवर उभा आहे का? मागचा एक पाय सैल सोडणं स्वाभाविक आहे, पण पुढचा एकच पाय वारंवार पुढे टेकवून ठेवत असेल तर तो दुखतोय. शेण गोळ्या-गोळ्यांचं आहे का, तेही बघा.

४. पांढरी कातडी

इथे वेळ घालवा. विक्रेता कंटाळला तरी चालेल.

आधी रंग खरा आहे का. यात्रांमध्ये केस रंगवून चट्टे "काढणारे" आहेत. ओल्या पांढऱ्या फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन गडद चट्ट्याची कड घासा. पक्का केसरंग असेल तर फडक्याला काही लागणार नाही, म्हणून त्यावर थांबू नका. केस उलटे फिरवून मुळाशी कातडी बघा. पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी आणि गडद केसांखाली काळसर असते. गडद केस आणि खाली गुलाबी कातडी, असं दिसलं तर तिथेच नमस्कार करून निघा. चट्ट्याच्या कडेला मात्र गडद कातडी थोडी पांढऱ्या केसांखाली सरकलेली असते, त्यामुळे निळसर झाक दिसते. ती खऱ्या अबलकाची खूण आहे. तिला घाबरू नका.

मग माझीच चूक टाळा. खोगिराच्या जागी, तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा जिथे आवळतात तिथे किंवा लगामाच्या वळणावर सुटा पांढरा ठिपका असेल तर तो जन्माचा आहे की जखमेचा ते तपासा. जन्मजात पांढऱ्याखाली कातडी मऊ, गुलाबी आणि सलग असते. जखमेच्या खाली कातडी जाड, कधी खडबडीत लागते, आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना साधारण समोरासमोर खुणा असतात. जुनी जखम म्हणजे घोडा बाद असं नाही. पण त्या जागी दाबल्यावर पाठ खाली ओढतोय का, कान मागे टाकतोय का, एवढं बघायलाच हवं.

तिसरी गोष्ट ऊन. नाकपुड्या, ओठ आणि डोळ्यांच्या कडा गुलाबी असतील तर समुद्रकाठच्या उन्हात त्या भाजतात, सोलतात. डोळ्याभोवती गुलाबी कातडी असलेल्या घोड्यांत पापणीच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. पापणीच्या आत, विशेषतः तिसऱ्या पापणीवर, लालसर फुलकोबीसारखी गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर घेऊ नका. नुसती गुलाबी कड असेल तर घ्या, आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावायची तयारी ठेवा.

घाणेरी आपल्याकडे प्रत्येक बांधावर आहे. ती खाल्ल्याने यकृत बिघडतं आणि मग पांढऱ्या भागावरची कातडी उन्हाने पोळते. गडद भाग शाबूत राहतो. गुरांमध्ये हे सर्रास दिसतं, घोड्यालाही तो पाला विषारीच. ज्या घोड्याच्या फक्त पांढऱ्या चट्ट्यांवर जुने सोलवटलेले डाग आहेत, तो कुठे चरतो हे विचारा.

चौथी आणि कोकणात सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे पांढरे पाय. माणसाला पावसात चिखल्या होतात तसंच घोड्याच्या टाचेमागच्या खळगीत होतं. कातडी ओली राहते, तडकते, जंतू शिरतात, खपल्या धरतात, पाय सुजतो. गुलाबी कातडीला ते लवकर होतं. खूर उचलून टाचेमागची खळगी बोटांनी चाचपा. केस गुच्छागुच्छाने निघतायत, खाली पुटकुळ्या किंवा जाड घट्टे लागतायत, तर गेला पावसाळा त्याला जड गेला आहे.

पांढरे खूर मऊ असतात असं मात्र प्रत्येक जण सांगेल. त्यात तथ्य नाही. रंगाने खुराची ताकद ठरत नाही, आणि पांढऱ्या खुराच्या नावाने कुणी भाव कमी करत असेल तर तुम्ही गप्प बसा.

५. वय आणि उंची

बैलाचे दात बघता येणाऱ्या माणसाला निम्मं काम येतं. घोड्याच्या पुढच्या दुधाच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण. त्यानंतर खालच्या दातांतले खळगे झिजतात: मधले सहाव्या, शेजारचे सातव्या, कडेचे आठव्या वर्षी. दहाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ एक उभी रेघ दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत येते. हे सगळं अंदाजे असतं. वाळूत चरणाऱ्या घोड्याचे दात लवकर झिजतात, म्हणून किनाऱ्यावरच्या घोड्याचं वय दातांवरून थोडं जास्तच निघतं.

उंची आपल्याकडे इंचांत सांगतात, बासष्ट, चौसष्ट वगैरे. विक्रेता टेप खुरापासून अंगाच्या गोलाईवरून फिरवत वर नेतो आणि दीड-दोन इंच कमावतो. सरळ काठी घ्या, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यावर आडवी पट्टी टेकवा आणि सपाट जमिनीवर मोजा.

वजनही काढा. कोपराच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर साधारण ३१२ किलो येतात. खोगिरासह स्वार वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नसावा, म्हणजे इथे ६२ किलो. माझ्यासारख्या ८० किलोच्या माणसाने हा घोडा घेऊ नये, रंग कितीही सुरेख असला तरी.

६. पाय: वाळूवर बघून निर्णय घेऊ नका

किनाऱ्यावरचा विक्रेता घोडा वाळूवरच पळवून दाखवणार. मऊ वाळू खुराचं आणि हाडाचं दुखणं झाकते. घोडा कठीण जमिनीवर न्या, गावातला डांबरी रस्ता किंवा सड्यावरचा जांभ्याचा कातळ. सैल दोरीवर, कुणी वर न बसता, आधी चालवा, मग दुडकी चालीने पळवा. तुमच्यापासून दूर, तुमच्याकडे, आणि बाजूने. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर पुठ्ठ्याची एक बाजू जास्त वर-खाली होते. डोळे मिटून टापांचा आवाजही ऐका. ठेका चुकला की कानाला आधी कळतं.

मग दोन्ही बाजूंना लहान रिंगणात फिरवा आणि दहा पावलं मागे सरकवा. ही मागे सरकवण्याची चाचणी कोकणात कधीही टाळू नका. गुरांच्या पोटातली एक कृमी डासांमार्फत घोड्यात शिरते आणि पाठीच्या कण्यात भटकते. जुने लोक या रोगाला कुमरी म्हणतात. मागचा भाग लुळा पडतो, घोडा मागे सरकताना पाय ओढतो, वळताना मागचे पाय एकमेकांत अडकतात. चालताना शेपटी एका बाजूला ओढून बघा. निरोगी घोडा ताकदीने तोल सावरतो, कुमरी झालेला लडखडतो. गोठा आणि पागा एका छपराखाली असतील तर हे जास्तच काळजीने बघा.

पायांवर वरून खाली हात फिरवा. मागच्या गुडघ्यावर मऊ फुगवटा म्हणजे मोतरा, कठीण गाठ म्हणजे हड्डा. मोतऱ्यावर हलक्या कामाला घोडा वर्षानुवर्षं चालतो. हड्ड्यावर लंगडेल.

खूर चारही उचलून बघा. उचलू देत नसेल तर नालबंदाच्या रोजच्या त्रासाचा हिशेब त्याच क्षणी मांडा. तळाच्या त्रिकोणी मऊ भागात काळा, सडक्या वासाचा चिकटा असेल तर ती पावसाळी कूज आहे. स्वच्छ ठेवून आणि कोरड्या जागी बांधून ती बरी होते, पण मालक काळजी घेत नाही हे त्यातून कळतं. खुरावर पुढे आडव्या, टाचेकडे रुंदावत जाणाऱ्या कड्या दिसल्या तर जुना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज. मी असा घोडा फुकटही घेणार नाही.

७. डोळे, दम आणि घाम

निळा किंवा घारा डोळा अबलकात सर्रास असतो आणि त्याने दिसतंही नीट. बघायचं आहे ते धूसरपण. बुबुळ आकसलेलं, डोळ्यात पाणी, उजेड सहन न होणं, आणि मालक म्हणतोय "कचरा गेलाय". लेप्टोस्पायरा या जंतूमुळे घोड्याच्या डोळ्याला वारंवार सूज येऊन शेवटी आंधळेपण येऊ शकतं. पावसाळ्यात लेप्टोचा ताप कोकणातल्या माणसाला ठाऊक आहे, घोडाही त्याच पाण्यात उभा असतो.

विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटं दौडवल्यावर मान, छाती आणि खोगिराखाली हात फिरवा. ओला लागला पाहिजे. दमट हवेत काही घोड्यांचं घाम येणंच बंद पडतं. अंग कोरडं, तापलेलं आणि धाप मात्र कुत्र्यासारखी. हा विकार कोरड्या मुलखातून आलेल्या घोड्यांत किनाऱ्यावर प्रकट होतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. पावसाळा काढलेला घोडा घ्या म्हणतो त्याचं निम्मं कारण हेच आहे.

८. भोवरे आणि भाव

घोडेवाल्यांच्या जगात केसांच्या भोवऱ्यांना फार मोल. गळ्यावरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ, असली यादी लांबलचक आहे. भोवऱ्याचा घोड्याच्या तब्येतीशी संबंध नाही. पण त्याचा खिशाशी आहे. आसूढाळ असलेला निकोप अबलक बराच स्वस्त सुटतो, कारण वरातीला आणि मिरवणुकीला कुणी घेत नाही. माझी सध्याची घोडी तशीच मिळाली आहे. पुढे विकताना तुम्हालाही तोच घाटा येईल, हे मात्र धरून चाला.

रंगाचा भाव किती ते काढायची एक पद्धत आहे. त्याच विक्रेत्याला त्याच वयाच्या, त्याच बांध्याच्या एकरंगी घोड्याचा भाव आधी विचारा, अबलकाची चौकशी नंतर करा. फरक म्हणजे रंगाचे पैसे. सवारीसाठी हवा असेल तर तो फरक द्यायचा की नाही ते तुमच्या हौसेवर. वरातीच्या धंद्यासाठी असेल तर तो वसूल होतो.

९. रक्त, कागद, आणि मगच पैसे

इसार द्या, पूर्ण रक्कम नाही. इसाराच्या चिठ्ठीवर लिहून घ्या की तपासणीत ग्लँडर्स हा रोग निघाला तर पैसे परत. हा रोग माणसाला होतो, कायद्याने अधिसूचित आहे, आणि घोडा बाधित निघाला तर त्याला मारावंच लागतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ताचा नमुना पाठवता येतो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासणीचं देशातलं मुख्य ठिकाण. सोबत सर्रा या माश्यांनी पसरणाऱ्या रक्तजंतूची आणि घोड्यांच्या संसर्गजन्य पंडुरोगाची तपासणी सांगा. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर गाई-म्हशींच्या सरावाचे असतात, म्हणून चालीच्या तपासणीसाठी मुंबई-पुण्याहून घोड्यांचा डॉक्टर बोलावण्याचा खर्च करा. चुकीच्या घोड्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

अबलकाचा एक मोठा फायदा इथे आहे. दोन घोड्यांचे चट्टे कधीच सारखे नसतात. दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मागून फोटो काढा, करारपत्राला जोडा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. यात्रेची मूळ पावती असेल तर मागून घ्या. मारवाडी म्हणून विकत असतील तर नोंदणीचा कागद आणि मायक्रोचिपचा क्रमांक जुळवा. वाहतुकीसाठी १९७८ च्या नियमांप्रमाणे पशुवैद्यांचा प्रवासयोग्यतेचा दाखला लागतो. धंदा करणार असाल तर किनाऱ्यावर फेऱ्या मारायची परवानगी ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी घोडेवाल्यांची संख्या आणि पाळी ठरलेली असते. नवख्याला सहज शिरता येत नाही.

शिंगरं काढायचा विचार असेल आणि घोडा खरोखर परदेशी पेंट वंशाचा असेल, तर जनुकीय तपासणी करा. त्यातला एक नमुना आई आणि बाप दोघांत असला तर पूर्ण पांढरं शिंगरू जन्मू शकतं. त्याच्या आतड्याला चेता नसतात आणि ते काही दिवसांत दगावतं. आपल्या देशी चट्ट्यांच्या नेहमीच्या नमुन्यात हा धोका नाही.

१०. घरी आणल्यावर

टेम्पोत वाळू किंवा पेंढा अंथरा, रात्रीचा प्रवास करा, दर तीन-चार तासांनी पाणी दाखवा. घरी पहिले तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा ठेवा, भांडी आणि खरारासुद्धा वेगळे. धनुर्वाताची आणि रेबीजची लस टोचून घ्या.

खाणं एकदम बदलू नका, आठ-दहा दिवस घ्या. जुनं खाणं काय होतं ते विक्रेत्याकडून लिहून घ्या आणि चार दिवसांचं त्याच्याकडूनच विकत घ्या. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडं खाणं लागतं, म्हणजे ३०० किलोला साडेचार ते सहा किलो. पाणी २५ ते ४० लिटर. आपल्याकडे भाताचा पेंढा स्वस्त म्हणून त्यावरच घोडा पोसतात. त्यात सत्त्व नाही, आणि नुसत्या पेंढ्याने पोट बांधलं जाऊन शूळ उठतो. हिरवं गवत, वाळलेलं चांगलं गवत, थोडा भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा आणि मिठाचा खडा, एवढं पुरे. निकितीनने हिंदुस्थानातल्या घोड्यांना साखर-तेलात शिजवलेली खिचडी खायला देतात असं लिहून ठेवलंय. तुम्ही ते करू नका.

वाळूवर टाकलेला चारा घोडा वाळूसकट खातो आणि ती आतड्यात साठते. म्हणून चारा नेहमी गव्हाणीत किंवा तोबऱ्यात द्या. महिन्यातून एकदा शेणाचे चार-पाच गोळे बादलीभर पाण्यात विरघळवून ठेवा. अर्ध्या तासाने पाणी ओतून तळ चाचपा. चमचाभर वाळू हाताला लागली तर डॉक्टरांना फोन करा.

पांढऱ्या पायांसाठी माझी व्यवस्था साधी आहे. मे संपायच्या आत पागेत जांभ्याच्या चिऱ्यांची वीतभर उंच फरशी घालून घेतली, उतार बाहेरच्या बाजूला दिला. पाय रोज धुवायचे नाहीत. चिखल वाळू द्यायचा आणि ब्रशने झाडायचा, कारण सततच्या पाण्यानेच कातडी फुटते. धुतले तर फडक्याने कोरडे करूनच सोडायचे. टाचेमागचे केस जूनच्या आधी बारीक कापून टाकते ती माझी बायको, कारण घोडी माझ्यापेक्षा तिच्या हातात शांत उभी राहते.